सत्ताविसावं घर

मंगळवारी सकाळी सातला बारा पत्रिका घेऊन निघालेला जीवन संध्याकाळी सहाला नऊ पत्रिका तशाच घेऊन परत आला. समीक्षाच्या शिक्षणाची घरात जी काही अब्रू उरली होती, तीही त्याच पिशवीतून परत आली.

"फक्त तीन घरं?" समीक्षा दारातच ओरडली. "यादीत बारा होती. मी रस्ता काढून दिला होता ना?"

"रस्ताले नाव ठेवाले जागा नही," जीवन ओसरीवर आडवा होत म्हणाला. "रस्ता एक नंबर व्हता. पन तुना कागदवर चहा कोठे व्हता? पहिला घर चहा नि चिवडा. दुसरा घर शेवभाजी. तिसरा घर माले दोनदा जेवाले बसाडं. आते मना पोटमा पानी बी मावत नही."

जीवन नवरदेव, लग्न अठरा दिवसांवर. आता मोबाइलवरही पत्रिका पाठवता येते, पण आमच्याकडे त्याला बातमी म्हणतात, आमंत्रण नाही. आमंत्रण म्हणजे घरी जायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या आणि समोर येईल ते खायचं. पहूरपासून दीपनगरपर्यंत आणि इकडे थेट धुळ्यापर्यंत अशी मानाची सव्वीस घरं होती, आणि गाडी एक.

जीवनची बहीण समीक्षा जळगावला विद्यापीठात एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला. तिचा विषय ऑप्टिमायझेशन, म्हणजे आहे तेवढ्या साधनांत, आहेत तेवढ्या अटी पाळून, सगळ्यात चांगला मार्ग कोणता ते शोधायचं. तिला पुढे पुण्याला पीएच.डी. करायची होती. फॉर्मची शेवटची तारीख येता रविवार. आणि तिचे वडील सुकदेव, भडगावच्या एका शाळेतले क्लार्क, यांचं म्हणणं असं की जीवनचं झालं की धुळ्याचा एक मुलगा पाहून घ्यावा. मुलगी एकदा पुण्याला गेली की नात्यातून गेली.

पैज त्यांनीच लावली होती. "सव्वीस घर, एक गाडी, दोन दिवस. जमाडी दाखाड. जमनं तं पुन्यानं फॉर्म भर." आणि आता ते ओसरीवरच्या नऊ पत्रिका मोजून चष्मा पुसत होते. "तुना कॉम्पुटर चहा पेत नही, म्हनीसन त्याले समजनं नही," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

समीक्षाने त्याच संध्याकाळी तिच्या दीपमाला मॅडमना फोन केला. मॅडम आधी पोटभर हसल्या.

"अगं, तू घराला बिंदू धरलंस. बिंदू चहा करत नाही. कुठल्या घरी किती वेळ लागला ते विचार, आणि का लागला तेही."

जीवनला उठवून बसवलं. पहिल्या घरी तो तीन वर्षांनी गेला होता, एक तास पाच मिनिटं लागली. दुसऱ्या घरी चार वर्षांनी, एक तास चाळीस. तिसऱ्या घरी पाच वर्षांनी, तिथे दोन तास पंचवीस मिनिटं सुटका नव्हती. समीक्षाने आकडे वहीत मांडले आणि कपाळावर हात मारून घेतला. वाढ सरळ रेषेत नव्हती. वीस मिनिटं चहाची, ती कुणाला चुकत नाहीत. त्यावर जितकी वर्षं भेट नाही त्याचा वर्ग, गुणिले पाच मिनिटं. पहिल्या सेमिस्टरला लीनियर शिकवलं, दुसऱ्याला नॉनलीनियर, आणि आपण स्वतःच्या नातेवाइकांना पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकातून सोडवायला गेलो, याची तिला मनापासून लाज वाटली. एवढं तर जीवनलासुद्धा माहीत होतं.

तिने वडिलांकडे आणखी एक संधी मागितली. उरलेली तेवीस घरं, शुक्रवार आणि शनिवार. सुकदेव हो म्हणाले, कारण हो म्हणायला काही खर्च नव्हता.

गुरुवारी दुपारी सगळे मळ्यात होते. जीवनचं लग्न ठरल्याचं भरीत अजून व्हायचं होतं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचं काम आजोबांचं, आधार आबांचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. भाजलेली वांगी सोलून समीक्षाची आई रत्ना लाकडी बडजीत ठेचत होती, आणि समीक्षा केळीच्या उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून अटी लिहून घेत होती.

"पहिली पत्रिका पहूरले, मामाकडे," आबा वांगं फिरवत म्हणाले. "मामाना आगोदर कोनीच नही."

"मामाचं पहिलंच झालं, आबा. मंगळवारी."

"तरी बी लिखी ठेव. आनि दिवा लागाना आगोदर गाडी घर पाहिजे."

"दीपनगरनी ताई आनि तिनी जाऊ," रत्ना बडजीतून मान न काढता म्हणाली, "दोन्हीसले एकच दिवसे. नहीतं जी दुसरा दिवसे, ती लगीनमा बोलाव नही."

"मना सासरना कोनाकडे जेवानं नही," जीवन म्हणाला. त्याची पोटाची भीती अजून गेली नव्हती.

"आणि ते पारोळं टाळायचं," सुकदेव आभाळाकडे पाहत म्हणाले. एरवी घरात अहिराणी बोलणारा हा माणूस अडचणीत आला की शाळेची मराठी बोलतो. "धुळ्याला चाळीसगावावरून जायचं. ते आहेच आपलं."

पारोळ्याला आबांची धाकटी बहीण, म्हणजे सुकदेवची फुई, आत्या, झुंबरबाई राहते. तिचं आणि आबांचं नऊ वर्षं बोलणं नाही. घरात त्या गावाचं नाव निघालं की रत्ना तवा पाहायला उठते आणि जीवन गुरं पाहायला.

समीक्षाने एकूण सतरा अटी लिहिल्या आणि बटण दाबलं. लॅपटॉपने थोडा विचार केला आणि सांगितलं की उत्तर नाही.

"कसं नही?" सुकदेव पुढे झाले.

"सगळ्या अटी एकदम पाळणारा एकही मार्ग नाही. चांगला नाही असं नव्हे, मार्गच नाही."

"मंग व्हयनं तं," सुकदेव म्हणाले. "मी सांगं व्हतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मुलीचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला, वाईटही वाटलं. पण धुळ्याच्या मुलाला सिंचन खात्यात नोकरी होती.

रत्नाने इतका वेळ कान देऊन ऐकलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी या घरात पत्रिकांबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. पत्रिका वाटणं पुरुषांचं काम. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात केव्हाची घोळत होती.

"समी, तू जीवनले काबर धाडी राहिनी? हाऊ पोऱ्या कोना घर जास? पाच पाच वरीसमा तोंड दाखाडत नही. लोक त्याले सोडतीन का?"

"मग कुणाला पाठवू?"

"मी शे ना. मयतीले मीच जास, बारसाले मीच जास. या बठ्ठा घरसमा मी वरीसभरमा एकदा तरी जाई येल शे."

समीक्षा आईकडे बघतच राहिली. एक वर्षाचा वर्ग एक. गुणिले पाच, अधिक वीस. घरटी पंचवीस मिनिटं. तेवीस घरांचे दहा तासही होत नव्हते, आणि हे उत्तर इतका वेळ तिच्यासमोर वांगी सोलत बसलं होतं. तिने आईला मिठी मारली, आईच्या हाताचं भरीत तिच्या पाठीला लागलं, आणि पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा उत्तर नाही. पण आता फक्त दोन तास दहा मिनिटं कमी पडत होती.

"थांबा," समीक्षा म्हणाली. "आता मी प्रत्येक अटीची किंमत काढते."

"अटले काय भाव ऱ्हास?" आबांनी विचारलं.

"असते आबा. शॅडो प्राइस म्हणतात. एक अट थोडी सैल केली तर केवढं वाचतं, ती तिची किंमत. काही अटी फुकट असतात. मामाची अट बघा, शून्य. ती असली काय, नसली काय." आबांनी मान हलवली, मामाची किंमत शून्य हे त्यांना सव्वीस वर्षांपासून माहीत होतं. "दिवेलागणीची अट, पंधरा मिनिटं. दीपनगरच्या दोन जावा, पस्तीस मिनिटं." ती थांबली. "आणि ही एक. एकाहत्तर किलोमीटर. दोन तास वीस मिनिटं. एवढी एकच काढली की सगळं बसतंय. दहा मिनिटं उरतातही."

"कोनती?" आबा म्हणाले.

"पारोळं टाळायची."

जाळावर एक वांगं फुटलं. रत्ना उठायला लागली, पण मळ्यात तवा नव्हता.

समीक्षाला आतून भीती वाटत होती. पण पुणं समोर दिसत होतं, फक्त दहा मिनिटांच्या अंतरावर, म्हणून तिने विचारलं, "आबा, तुमची ही अट तुम्ही सोडाल का? फुईआजीकडे थांबायचं नाही. नुसतं गावावरून जायचं."

आबांनी चिमटा खाली ठेवला. "मनी अट?"

"मी तुमच्या नावापुढे लिहिली आहे."

"खोड मंग. मी कव्हय सांगं, पारोळाले जाऊ नका? ती बोलत नही, तिनी मर्जी. पन तिना गावमाईन गाडी लई जाऊ नका, असं मी कव्हयच बोलनू नही. माले तं वाटे, सुकदेवले तिना राग शे."

सगळे सुकदेवकडे वळले. सुकदेव भाकरी खात होते, म्हणजे खाण्याचा अभिनय करत होते. घास केव्हाचा गालातच होता.

नऊ वर्षांत हा क्षण कधीतरी येईल असं त्यांना अनेकदा वाटलं होतं. एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीला, कुणी पारोळ्याचा माणूस तोंड उघडेल आणि सगळं बाहेर येईल. म्हणून त्यांनी दोन्ही घरं एकमेकांसमोर येऊच दिली नव्हती. आपल्या पोटच्या पोरीचा कॉम्प्युटर नेमका तिथे बोट ठेवेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आबा," ते म्हणाले. घास गिळला, आणि शाळेची मराठीही त्याबरोबर गेली. "सुलक्षणाना लगीननी पत्रिका... मी फुईना घर गयाच नव्हतू."

सुलक्षणा त्यांची धाकटी सावत्र बहीण, तिचं लग्न नऊ वर्षांपूर्वी झालं.

"एक पत्रिकाकरता साठ किलोमीटर जानं-येनं व्हतं. आपला गावना झुलाल पारोळाना बाजारले जाई राहिंता. त्याना पिशवीमा दिधी. तो इसरी गया. लगीन लागी गयं, त्याना तिसरा दिवसे त्यानी फुईले दिधी. पिशवीमा गूळ व्हता, पत्रिकाले मुंग्या लागेल व्हत्यात."

"तू माले सांगं, फुईना हातमा दिधी. ती रागमा दिसनी, असं बी सांगं."

"हा."

"मी हळद थांबाडी व्हती," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे सगळ्यांना जास्त भीती वाटली. "फुईना हातनी पहिली हळद लागस. दुपार लगून पोरले पाटवर बसाडी ठेवं. लोक हसनात. मी म्हनं, मनी बहीन यी. नऊ वरीस मी म्हनी राहिनू, बहीन इतली कठोर कशी व्हयनी."

म्हातारा उठला आणि पलीकडच्या बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. जीवन त्यांच्यामागे जायला निघाला, तर रत्नाने त्याला हाताला धरून बसवलं. सुकदेवना त्या वेळी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पण धरणी नुकतीच पाणी दिलेली होती. ते चिखलात चवड्यांवर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने आबा परत आले, चिमटा उचलला आणि म्हणाले, "सत्तावीस घर लिख, समी. सत्ताविसावं रविवारे. हाऊ जाई, आनि मी बी जासू."

शुक्रवार-शनिवारी रत्ना गाडीत पुढे बसून निघाली, जीवन नुसता ड्रायव्हर. शनिवारी धुळ्याहून परत येताना गाडी पारोळ्यावरून आली आणि दिवे लागायच्या सात मिनिटं आधी अंगणात शिरली. तेवीसही पत्रिका गेल्या होत्या. समीक्षाने वडिलांकडे पाहिलं. सुकदेव पंपाची मोटर पाहायला गेले. पैजेचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आबांचा चेहरा पाहून समीक्षालाही काढवेना. मॅडमना दाखवायला उत्तर मिळालं होतं. पुण्याचा फॉर्म मात्र मोबाइलमध्ये अर्धा भरलेला तसाच होता.

रविवारी दहा वाजता आबा, सुकदेव आणि समीक्षाला घेऊन गाडी झुंबरबाईच्या दारात थांबली. समीक्षाने सवयीने मोबाइलवर वेळ लावली. सूत्र सांगत होतं, नऊचा वर्ग एक्याऐंशी, गुणिले पाच, अधिक वीस. सात तास पाच मिनिटं.

झुंबरबाई दारात आली. अडुसष्टची, उंच, नऊवारीचा ओचा खोचलेला. तिने गाडीतून उतरणाऱ्या भावाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जाड व्हई गया," ती म्हणाली.

"तुनं डोकं पांढरं व्हई गयं," आबा म्हणाले.

आणि मग दोघंही रडायला लागले. दारातच, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, लहान मुलांसारखे. समीक्षाने कुंकवाचा करंडा हातात धरून दुसरीकडे पाहिलं.

सुकदेवने घरात जाऊन फुईचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, झुलालची पिशवी, गूळ, मुंग्या, सगळं. सांगून झालं तरी पाय सोडले नाहीत.

"ऊठ," झुंबरबाई म्हणाली. "माले माहीत शे. झुलालनी त्याच वरीसे सांगं."

"मंग तू आबासले काबर नही सांगं?"

"तुना बापनी तुले घरमाईन काढी दिधा असता. तुनी माय गयी तव्हय तू सात वरीसना व्हता. तीन वरीस मीच तुले खाऊ घालं. मी कशी सांगसू? मी वाटच देखत व्हती. आज यी, उद्या यी, सोता सांगी."

पंचावन्न वर्षांच्या सुकदेवने फुईच्या पायांवर कपाळ टेकवलं. फुईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्याच हाताने एक टपलीही मारली, चांगली जोरात. नऊ वर्षांची होती ती.

मग चहा झाला, शेवभाजी झाली, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. जेवताना झुंबरबाईचं लक्ष समीक्षाच्या मोबाइलकडे गेलं, आणि घड्याळ, सूत्र, पैज, पुणं असं एकेक करून सगळं बाहेर आलं.

"पोरगी पैज जिंकनी ना?" तिने सुकदेवला विचारलं. "मंग फॉर्म काबर नही भरा?"

"फुई, पुनं दूर शे," सुकदेव म्हणाले. "तिकडे गयी की पोरगी नातामाईन जास. इतला अंतरमा नातं टिकत नही."

झुंबरबाईने भावाला आणखी एक भाकरी वाढली. "भडगाव पारोळं तीस किलोमीटर शे," ती म्हणाली. "इतलामा टिकनं का?"



निघाले तेव्हा पावणेसहा वाजले होते. सूत्रापेक्षा चाळीस मिनिटं जास्त. आबा निघालेच नाहीत. ते म्हणाले, चार दिवस राहतो, लग्नाला बहिणीला घेऊनच येतो. गाडीत बाप आणि मुलगी दोघंच. पारोळं मागे पडलं, कपाशीची रिकामी शेतं दोन्ही बाजूंना लागली.

"फॉर्मनी शेवटनी तारीख कव्हय?" सुकदेवने एकदम विचारलं.

"आजच. रात्री बारापर्यंत."

"आतेच भर."

"घरी जाऊन लॅपटॉपवर भरते ना, दादा."

"घर नको. घर गऊ की माले परत अक्कल येई."

समीक्षाने घाईघाईने मोबाइल काढला. नाव, जन्मतारीख, गुण, विषय. सुकदेव मुद्दाम हळू चालवत होते, आणि दर मिनिटाला विचारत होते, आता काय विचारतंय. शेवटच्या पानावर ती थांबली.

"पालकांची संमती आहे का, असं विचारतंय. हो किंवा नाही."

"दोनच?"

"दोनच."

"आनि दिवाळीले, गौराईले घर येवानी अट?"

"तेवढी जागा नाही फॉर्ममध्ये." ती स्क्रीन बोटाने घासत राहिली. "आणि रेंज गेली, दादा. मागे पेट्रोल पंपापाशी होती. राहू द्या, भडगावात येईल."

सुकदेवने गाडी थांबवली. आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि गाडी वळवून मागे नेली. पंपाच्या कडेला उभी केली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि हात पुढे केला.

"आन आठे. मी दाबस."

त्यांनी बोट टेकवलं. काहीच झालं नाही. बोटाला अजून शेवभाजीचं तेल होतं. सुकदेवने बोट धोतराच्या सोग्याला नीट पुसलं आणि 'हो' वर पुन्हा दाबलं, या वेळी जोरात.